‘संबंध’ म्हणजे कुणाशी हो मॅडम? सहावी ते नववीच्या पोरांना एचआयव्हीबद्दल कसं सांगायचं

मी पहिल्यांदा सातवीच्या वर्गासमोर उभी राहिले तेव्हा तासभर घसा बसेपर्यंत बोलले, नि त्या तासात ‘असुरक्षित संबंध’ हा शब्द वीसेक वेळा तरी वापरला असेन. शेवटी विचारलं, काही शंका? तर तिसऱ्या बाकावरचा एक पोरगा उठला नि अगदी मनापासून म्हणाला, “मॅडम, आमचे थोरल्या काकांशी संबंध नाहीत, बांधावरनं भांडण झालंय, मग आम्हाला व्हायचा नाही ना?” मागं उभे असलेले सर खिडकीकडे तोंड फिरवून हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण पोरगं चुकलंच नव्हतं. त्याच्या गावात संबंध म्हणजे जाणं-येणं, लग्नाची पत्रिका देणं, मयताला जाणं. चूक माझी होती, मला खरा शब्द उच्चारायची लाज वाटत होती नि त्या लाजेला मी ‘आपली संस्कृती’ असं नाव दिलं होतं.

तेव्हापासून जिल्हा परिषदेच्या शाळा, आश्रमशाळा, वस्तीतली क्लासेस असं फिरून जे शिकले ते इथं लिहितेय. शिक्षक, आशाताई, संस्थेत काम करणारी पोरं, किंवा घरात बारा-तेरा वर्षांचं पोर असलेले आईबाप, कुणीही वापरा. एक गोष्ट आधीच सांगते. संस्कृतीला धरून शिकवायचं म्हणजे कोण बोलणार, कुणासमोर, कुणाला विचारून आणि कुठल्या क्रमानं, हे सांभाळायचं. माहिती सांभाळून सांभाळून अर्धी करायची असा त्याचा अर्थ नाही, तिथंच सगळे फसतात.

पायरी १ : आधी मोठी माणसं

ही पायरी कंटाळवाणी आहे नि हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. २००७ साली आपल्या राज्यात काय झालं ते जुन्या शिक्षकांना आठवत असेल. नॅको, म्हणजे केंद्राची एड्स नियंत्रण संस्था, नि केंद्राचं शिक्षण खातं यांनी मिळून किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला होता, त्यातल्या चित्रांवरनं गदारोळ झाला, नि महाराष्ट्रासकट बऱ्याच राज्यांनी तो थांबवला. आणि हे त्या राज्यात, जिथं र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवलं नि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या! असो. त्या गदारोळातनं मी एवढंच घेतलं, की पालकांना जी गोष्ट अचानक दिसते ती त्यांना अश्लील वाटते, आणि तीच गोष्ट आधी शांतपणे दाखवली तर तेच पालक म्हणतात, बरं झालं तुम्ही सांगताय, आम्हाला काय जमत नाही.

म्हणून आधी हेडसर किंवा हेडमॅडम, मग शाळा व्यवस्थापन समिती, मग पालकसभा. पालकसभेला बाप येत नाहीत नि आया आल्या तर पाच मिनिटांत जातात, तेव्हा तुम्हीच त्यांच्याकडे जा. बचत गटाची मासिक बैठक उत्तम. संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू तर त्याहून उत्तम, बायका निवांत असतात नि पुरुष आसपास नसतात. मुस्लिम वस्तीत मी आधी तिथल्या शिक्षिकेला नि मग तिच्यामार्फत मौलानांना भेटते. पाड्यावर गेलात तर तिथल्याच एखाद्या ताईला सोबत घ्या जी पावरी, भिली, वारली जी काही बोली असेल ती बोलते. प्रमाण मराठी तिथल्या पोरांना सरकारी वाटते नि सरकारी माणसाला कुणी खरं विचारत नाही.

जे साहित्य पोरांना दाखवणार ते सगळं, एकूण एक कागद, आधी आयांसमोर पसरा. “यातलं तुम्हाला काय खटकतं?” असं विचारा नि गप्प बसा.

दोन आक्षेप हमखास येणार. पहिला, हे सांगितलं की पोरं तेच करायला लागतील. याचं उत्तर माझ्या मनचं नाही. युनेस्कोची लैंगिक शिक्षणाची मार्गदर्शिका आहे, २०१८ ला तिची सुधारित आवृत्ती आली, तिच्यात जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेतलाय नि निष्कर्ष असा की अशा शिक्षणानं पोरं लवकर लैंगिक संबंध सुरू करतात असं दिसत नाही. पण हे सांगून आया बधत नाहीत. मी त्यांना विचारते, घरात मोबाईल कुणाच्या हातात असतो? सगळ्या हसतात. मग म्हणते, तो जे दाखवतो त्याच्यापेक्षा मी बरी.

दुसरा आक्षेप, लग्नापर्यंत काही करू नका एवढंच सांगा, झालं. मी म्हणते, सांगतेच की, तेरा-चौदाच्या पोराला उशीर करायलाच सांगायचं. पण लग्न म्हणजे लस नव्हे. कितीतरी बायकांना हा आजार स्वतःच्या नवऱ्याकडनं, लग्नाच्या घरातच झालाय, त्यांनी आयुष्यात दुसऱ्या पुरुषाकडे पाहिलंही नव्हतं. हे बोलले की सभेत एकदम शांतता होते, नि कुठलीतरी एक बाई पदर सावरत खाली बघते. तिला काही विचारायचं नाही, नंतर ती आपणहून येते.

पायरी २ : वेळ, जागा, बैठक

१ डिसेंबरला प्रभातफेरी काढायची, घोषणा द्यायच्या, फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नि वर्षभर गप्प, हा जो प्रकार आहे तो माझ्या डोक्यात जातो. शिवाय बीड, अहिल्यानगर, जालन्याकडच्या ऊसतोडीच्या गावांत डिसेंबरात अर्धा वर्ग असतच नाही, दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्याकडे निघतात त्या उन्हाळा लागल्यावर परततात. ज्या पोरांना फडावर, कोपीत, अनोळखी माणसांत राहायचंय त्यांनाच तुमचं सेशन चुकतं. तिथं जुलै-ऑगस्टमध्येच उरका.

एकाच दिवसात नको, चार तास करा, आठवड्याला एक. आणि मुलंमुली एकत्र की वेगळी? यावर लोक फार भांडतात. माझा अनुभव असा की पहिले दोन तास, म्हणजे शरीर नि वयात येणं, वेगळे घ्या, मुलींना बाईनं नि मुलांना पुरुषानं. एचआयव्हीचा तास मात्र एकत्र घ्या, कारण तो आजार आहे, त्यात लाजायचं काही नाही हे पोरांना एकत्र बसूनच कळतं. मधे पडदा लावायचा तर लावा, पण माहिती दोघांना सारखीच गेली पाहिजे. मुलींना पाळी नि मुलांना कंडोम अशी वाटणी केली की दोघंही अर्धवट राहतात. आणि एखादं पोर मुलांच्या वर्गातही अवघडतं नि मुलींच्यातही, असं दिसलं तर त्याला सगळ्यांदेखत कुठंही ढकलू नका, “तुला जिथं बरं वाटेल तिथं बस” एवढं हळूच म्हणा.

वर्गशिक्षक वर्गात नसलेले बरे. वाईट वाटून घेऊ नका सर, पण ज्याच्या हातात मार्क आहेत त्याच्यासमोर पोरगं विचारत नाही.

पायरी ३ : शब्द ठरवून घ्या

पहिल्या तासाला फळ्यावर तीन रकाने आखते : घरात काय म्हणतात, मित्रांत काय म्हणतात, पुस्तकात काय म्हणतात. मधल्या रकान्यात लिहायचं नाही, नुसतं मनात आणायचं, तेवढ्यानंच वर्ग खदखदतो. हसू द्या. दोन मिनिटं मनसोक्त हसू दिलं की पुढचा तास शांत जातो, नि दाबलं तर शेवटपर्यंत खुसखुस चालते.

मग पुस्तकातले शब्द मोठ्यानं, सगळ्यांकडनं म्हणवून घ्यायचे : शिश्न, योनी, वीर्य, मासिक पाळी, लैंगिक संबंध. पाढे म्हणतो तसे. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत त्यातली लाज उडून जाते. हा माझा शोध नाही, एका म्हाताऱ्या नर्सबाईंनी शिकवलं, त्या म्हणायच्या की नाकाला नाक म्हणतो ना, मग?

‘वाईट मार्ग’, ‘चुकीचं वागणं’, ‘नको तिथं जाणं’ हे शब्द मी कायमचे टाकून दिले. ‘गुप्तरोग’ पण नाही, गुप्त म्हटलं की पोर दवाखान्याऐवजी स्टँडच्या भिंतीवर जाहिरात केलेल्या तंबूवाल्याकडे जातं. ‘एड्सचा पेशंट’ पण नको, ‘एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती’ जरा लांबलचक वाटतं पण पोरं पटकन उचलतात.

पायरी ४ : आधी शरीर, नंतर विषाणू

ज्या पोराला आपल्याच अंगात काय चाललंय कळत नाही त्याला विषाणू कुठनं येतो ते काय कळणार. मुलग्यांच्या डोक्यावर सगळ्यात मोठं ओझं असतं ते झोपेत वीर्य जाण्याचं, त्याला ‘स्वप्नदोष’ हे नावच किती वाईट दिलंय बघा, दोष! एका मुलानं चिठ्ठीत लिहिलं होतं की मला एड्स झालाय कारण रात्री चड्डी ओली होते. सहा महिने तो हे एकटाच घेऊन फिरत होता. मुलींचं तसंच पांढरं जाण्याबद्दल. हे नैसर्गिक आहे, आजार नाही, हे ठामपणे सांगा. हस्तमैथुनानं एचआयव्ही होत नाही, अशक्तपणाही येत नाही, हेही त्याच वाक्यात उरका. पांढऱ्याला घाण वास, खाज, जळजळ असेल तर मात्र दवाखाना.

कावळा शिवला, बाहेर बसली या गोष्टींवर मी वाद घालत नाही. बाहेर बसवण्याशी तुमचं भांडण असेल तर ते आयांच्या बैठकीत करा, तेरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर बंदूक ठेवू नका.

पायरी ५ : एचआयव्हीचा तास

आठवीच्या विज्ञानात आरोग्य नि रोगांचा धडा आहे, त्यात एड्स येतो, त्या धड्याला जोडून घेतलं की हेडसरांनाही धीर येतो. सुरुवात सोप्या भाषेत. एचआयव्ही हा विषाणू. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे गावाची राखणदारी, त्यातल्या सीडी-४ नावाच्या राखणदारांनाच हा धरतो. औषध घेतलं नाही तर साधारण आठ-दहा वर्षांत राखण इतकी ढासळते की टीबीसारखे आजार सहज शिरतात, त्या अवस्थेला एड्स म्हणतात. एचआयव्ही म्हणजेच एड्स नव्हे, हे दोनदा सांगा.

पसरतो कसा ते चारच रस्ते, बोटांवर मोजा. शरीरसंबंध, दूषित रक्त, एकाची सुई दुसऱ्याला, आणि आईकडून बाळाला. पहिल्या रस्त्यावर सगळे शिक्षक धावत सुटतात, तिथंच थांबायचं असतं. मी असं म्हणते : “लैंगिक संबंधात पुरुषाचं शिश्न स्त्रीच्या योनीत जातं. वीर्यात किंवा योनीतल्या स्रावात हा विषाणू असेल तर आतल्या नाजूक त्वचेतनं तो दुसऱ्याच्या शरीरात जाऊ शकतो. पुरुषापुरुषांतल्या संबंधातही जाऊ शकतो. कंडोम वापरला तर तो स्राव अडतो.” एवढंच, सपाट आवाजात, रेल्वेची अनाउन्समेंट करतात तसं. आवाज खाली आणला की पोरांना वाटतं काहीतरी चोरीचं चाललंय.

कंडोम दाखवावा का, हे सारखं विचारतात. सातवी-आठवीत मी नाव सांगते, काम सांगते, वापरायचं प्रात्यक्षिक करत नाही. नववीच्या पुढं, नि तेही पालकांनी होकार दिला असेल तरच. आणि वर्गात कुणीतरी “मॅडम, फुगा!” म्हणणारच, कारण निरोधचे फुगे करून आपण सगळेच कधी ना कधी खेळलोय. त्याला रागावू नका, “हो, तोच, पण त्याचं काम वेगळं आहे” म्हणा नि पुढं चला.

रक्ताचा रस्ता पोरांच्या जगात कुठं येतो? यात्रेत. गोंदवणारा एकाच सुईनं ओळीनं पंधरा जणांच्या हातावर नाव, बदाम, महादेव काढतो. नवी सुई समोर फोडली तरच हात पुढं करायचा, एवढं पक्कं सांगा, त्यात काविळीचा धोका तर अजूनच मोठा. इंजेक्शन घेताना नवी सिरिंज बघायची. रक्त चढवायची वेळ आली तर परवाना असलेल्या रक्तपेढीचंच, तिथं प्रत्येक पिशवी तपासतात.

आणि डास! डास येणारच. “मॅडम, मलेरिया होतो मग हा का नाही?” हा फार हुशार प्रश्न आहे, ‘नाही होत’ म्हणून उडवू नका. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो, एचआयव्ही तिथं वाढत नाही, पचून जातो. शिवाय डास चावताना स्वतःची लाळ सोडतो, मागच्या माणसाचं रक्त नाही. एवढं सांगितलं की पोरं आपणहून पुढची यादी करतात : डबा, कबड्डी, विहिरीत पोहणं, मिठी, उष्टं पाणी, संडास, शिंक. या सगळ्यांना उत्तर एकच, नाही होत.

आता एक खेळ. तीस जणांना क्रमांक टाकलेले प्लॅस्टिकचे ग्लास द्या, अर्धा ग्लास साधं पाणी. फक्त एका ग्लासात चुन्याची निवळी, म्हणजे पानाचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवायचा नि वरचं नितळ पाणी घ्यायचं. दिसायला अगदी पाण्यासारखंच. कुणी प्यायचं नाही, डोळ्याला हात लावायचा नाही, खेळ झाल्यावर हात धुवायचे, हे आधी दोनदा बजावा. मग प्रत्येकानं एक जोडीदार शोधून दोघांचं पाणी एकत्र करायचं नि पुन्हा अर्धं अर्धं वाटून घ्यायचं, असं तीन वेळा, दर वेळी नवा जोडीदार. तीन-चार जणांना आधीच कानात सांगून ठेवा की तुम्ही कुणाशीच अदलाबदल करायची नाही, नि दोघा-तिघांच्या ग्लासावर झाकण लावा, झाकण म्हणजे कंडोम. शेवटी सगळ्यांच्या ग्लासात हळदीचं पाणी चमचाभर टाकत जा. बहुतेकांचं पिवळंच राहतं, नि काही ग्लास भसकन कुंकवासारखे लाल होतात. एका ग्लासापासून आठापर्यंत जातं. वर्गात जो ‘आईऽऽ’ असा आवाज निघतो तो दहा पोस्टरांनी निघत नाही. मग विचारायचं, बघून ओळखता आलं होतं का कुणाकडे आहे ते? नाही. मग कळलं कशानं? हळदीनं. ती हळद म्हणजे तपासणी.

पण सावध! मी हा खेळ पहिल्यांदा घेतला नि खुशीत घरी गेले, दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेचा फोन, मॅडम पोरं एकमेकांच्या बाटलीतलं पाणी पीत नाहीयेत. त्यांनी बरोब्बर उलटं शिकून घेतलं होतं, की पाण्यातनं होतो. तेव्हापासून खेळ संपला की मी सगळ्यांसमोर एका मुलीच्या बाटलीतलं पाणी पिते नि म्हणते, ग्लासातलं पाणी हे नाटकातलं सोंग होतं, खऱ्यात पाण्यातनं जात नाही. आणि लाल ग्लासवाल्याला ‘तुला झाला, तुला झाला’ करू द्यायचं नाही, क्रमांक ग्लासाचा असतो, पोराचा नाही.

औषधाबद्दल सांगायला विसरू नका, इथं बहुतेक लोक वीस वर्षं मागं आहेत. सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, २००४ पासून औषधं फुकट मिळतात. रोज वेळेवर गोळी घेतली तर माणूस भरपूर जगतो, शिकतो, लग्न करतो. रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला नि तसाच राहिला तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. गरोदरपणात तपासणी नि औषध केलं तर बाळाला व्हायचा धोका पाच टक्क्यांच्या खाली आणता येतो, काहीच केलं नाही तर तो पंधरा ते पंचेचाळीस टक्के असतो. नववीच्या पोरांना अजून एक सांगा, धोका घडून गेला तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठायचा, २८ दिवसांचं औषध असतं, जितकं लवकर तितकं बरं.

पायरी ६ : चिठ्ठ्यांचा डबा

बिस्किटाचा जुना डबा, वर फट. सगळ्यांनी चिठ्ठी टाकायचीच, प्रश्न नसेल तर ‘प्रश्न नाही’ असं लिहायचं, म्हणजे कोण लिहितंय ते कळत नाही. अक्षर ओळखू येईल म्हणून पोरं डाव्या हातानं लिहितात, मी तसं करायला सांगतेच. घरी नेऊन वाचा, वर्गात ताबडतोब उघडू नका, एकदा उघडला नि पहिल्याच चिठ्ठीत हेडसरांबद्दल लिहिलं होतं.

प्रश्न कसेही असोत, उत्तर वयाला झेपेल तेवढं पण खरं द्या. उत्तर माहीत नसेल तर “पुढच्या वेळी विचारून येते” म्हणा नि खरंच या. ‘वहिनीच्या बहिणीशी बोललं तर होतो का’ पासून ‘व्हिडिओत दाखवतात तसं खरं असतं का’ पर्यंत सगळं येतं. त्या शेवटच्याला मी सांगते, कुस्तीच्या पिक्चरमधली कुस्ती नि तालमीतली कुस्ती यात फरक असतो ना, तसं.

पायरी ७ : नाही म्हणायची प्रॅक्टिस

‘नाही म्हणा’ असं फळ्यावर लिहून काही होत नाही. आपल्याकडे मोठ्यांना नाही म्हणणं हा उद्धटपणा, नि मग अचानक आपण पोरीला सांगतो की नाही म्हण, ती कुठनं म्हणणार? तोंडाला सवय लागावी लागते. जोड्या करून नाटक घ्या. गॅदरिंगच्या प्रॅक्टिसनंतर दादा म्हणतो गाडीवर सोडतो. इन्स्टावरचा कुणीतरी म्हणतो, फोटो पाठव ना, प्रेम नाही का तुझं. वाक्यं पोरांचीच घ्या. एका आठवीतल्या पोरीनं काढलेलं उत्तर मी आजवर सगळीकडे सांगते : “प्रेम आहे म्हणून फोटो मागतोस, मग आईला पण मागतोस का?” पुस्तकातलं कुठलंही उत्तर याच्यापुढं पाणी भरेल.

मुलग्यांचं नाटक वेगळं नि तेवढंच गरजेचं : समोरची ‘नको’ म्हणाली तर थांबायचं. ‘लाजतेय म्हणजे हो’ हे डोक्यातनं काढायला एक आख्खा तास गेला तरी जाऊ द्या.

पायरी ८ : तो वर्गातलाच असू शकतो

कवटी, आडवी हाडं, ‘एड्स म्हणजे मृत्यू’, असली पोस्टरं अजून काही शाळांत लटकतात. फाडून टाका. एका आईनं मला सांगितलेलं विसरता येत नाही. तिचा बारा वर्षांचा मुलगा जन्मापासून एचआयव्हीसह जगतोय, रोज रात्री आठला मोबाईलचा गजर होतो नि तो ‘ताकदीची गोळी’ घेतो, आईनं अजून नाव सांगितलेलं नाही. शाळेतल्या चित्रकला स्पर्धेत त्याला विषय मिळाला एड्स, त्यानं इतरांचं बघून कवटी काढली नि त्याला दुसरा नंबर आला. ते चित्र त्यानं घरी आणून आईला दाखवलं.

म्हणून प्रत्येक वाक्य असं बोला की तो मुलगा पहिल्या बाकावर बसलाय. कायदाही आहे, २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. एचआयव्ही आहे म्हणून शाळेतनं काढणं, वेगळं बसवणं बेकायदेशीर, नि कुणाची स्थिती त्याच्या संमतीशिवाय सांगणंही. ‘गावात कुणाला आहे का मॅडम?’ असं पोरं विचारतात, उत्तर एकच, “ते विचारायचं नसतं आणि मी सांगायचं नसतं.”

पायरी ९ : काही भलतं बाहेर आलं तर

चार तास मोकळं बोललात की एखाद्या चिठ्ठीत काका, शेजारी, क्लासवाला निघतोच. त्याची तयारी आधी करा. “मी कुणालाच सांगणार नाही” असं वचन कधीच देऊ नका, कारण पॉक्सो कायद्यानं, २०१२ चा आहे तो, अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लपवणं गुन्हा. पोराला म्हणा, “तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही, आता मदत करणाऱ्या माणसांना मला सांगावं लागेल, मी तुझ्यासोबत असेन.” खोदून खोदून विचारू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. शाळेची अब्रू, गावाची अब्रू असं म्हणत मिटवामिटवी करायला माणसं येतील, चांगली चांगली माणसं येतील, तिथं कच खाऊ नका.

पायरी १० : नंतर

पत्ते द्यायचे. ग्रामीण नि उपजिल्हा रुग्णालयात आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही तपासणीचं केंद्र असतं, तिथं तपासणी नि समुपदेशन मोफत नि गोपनीय, अठराखालच्या पोराला पालकांची संमती लागते. धोका घडल्यावर लगेच केलेली टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नये, तीन महिन्यांनी परत करावी लागते. पोरांच्या शंकांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथल्या समुपदेशक ताईंना एकदा वर्गात बोलवा, म्हणजे चेहरा ओळखीचा होतो, नाहीतर त्या दारात एकही पोर जात नाही. एचआयव्हीबद्दल काहीही विचारायला १०९७, फुकट आहे.

तीन महिन्यांनी न सांगता परत जा, पाचच प्रश्न विचारा, डासाचा हमखास ठेवा. ज्यावर अर्ध्याहून जास्त चुकले तेवढंच परत शिकवा.

आणि ते नंबर नोटीस बोर्डावर लावू नका, तिथं थांबून वाचायला कुणाची हिंमत होत नाही. मुलामुलींच्या टॉयलेटच्या दाराला आतल्या बाजूनं लावा, डोळ्यांच्या उंचीला, जवळ दोरीनं पेन्सिल बांधून. कागद पाण्यानं आठवड्यात गळून पडतो, तेव्हा आधी लॅमिनेशन करून घ्या.